धोंडिबा आबांचा तिसरा मुलगा

तुम्ही चहा घ्या, मी टोपी काढत नाही. का काढत नाही, ते कळेलच. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी तोंड उघडलं की लोक हसतात, माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालंय.

मी टीव्हीवर पडतो. पोटापाण्याचा धंदाच तो आहे माझा! रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळेला ती विनोदी मालिका लागते ना, त्यातला घरजावई म्हणजे मी. कथा कुठेही जावो, शेवटी मी पडायचं. पाटावरून, पलंगावरून, नाहीतर थेट सासऱ्याच्या अंगावर. पडायचं आणि म्हणायचं, 'पडलो बुवा!' मागून 'धप्प' असा आवाज टाकतात. त्यामुळे माझं खरं नाव कुणालाच माहीत नाही. मी सगळ्यांचा धप्पभावजी.

तुम्ही म्हणाल, नाव झालं, घर चाललंय, मग रडतोस कशाला? अहो, मान कुठे मिळतो? मागे छातीत कळ आली म्हणून डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, 'डॉक्टर, छातीत दुखतंय हो.' डॉक्टर खो खो हसले! नर्सला हाक मारली, 'अगं ये, भावजी काय म्हणतायत ऐक!' ईसीजी काढायच्या आधी माझ्याबरोबर फोटो काढला त्यांनी. ॲसिडिटी निघाली म्हणून बरं, नाहीतर हशा आणि टाळ्यांच्या गजरात गेलो असतो.

आणि माझ्याबरोबरचे नट बघा. जाडाभरडा कुर्ता घालून चर्चेला बसतात, दोन वाक्यांच्या मध्ये बराच वेळ गप्प राहतात, आणि समोरचे माना डोलावतात. मी गप्प राहिलो तर लोक माझ्या पायाखाली बघतात. हा आता कशावरून पडणार म्हणून!

अशात मला निरंजन सरांनी भेटायला बोलावलं. हे फार मोठे दिग्दर्शक. यांच्या सिनेमात कुणी बोलत नाही. एक म्हैस बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघते आणि परदेशात बक्षीस मिळतं. त्यांना नव्या सिनेमासाठी बाप गेलेला शेतकरी हवा होता. सरांनी मला समोर बसवलं, त्या म्हशीने बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'चेहऱ्यावर माती नाहीये.'

'आणतो सर!' मी म्हटलं.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, 'कुंडीतली चालेल का?' यांना कलेचं काही सांगण्यात अर्थ नाही.

म्हणून मी मुळशीत गेलो. मुठा खोऱ्यात बबनराव म्हणून एक शेतकरी खोल्या भाड्याने देतात असं कळलं होतं. दाढी वाढवली, लेखक आहे असं सांगितलं, आणि त्यांना म्हटलं, 'मला शेणाने सारवलेली खोली हवी.'

बबनरावांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. 'शेनाची? सायेब, गुरं इकून लई वरसं झाली. समदीकडं टाइल्स हायेत. एसी हाय, वायफाय हाय. शेनच पायजे आसंल तर मागवतो कुटनं तरी, पर आगाऊ सांगावं लागतंय.'

मग मी एसी बंद करून घामात झोपलो. सकाळी उठून मागच्या शेतात अनवाणी उभा राहायचो, मातीशी नातं जोडत. बांधावरून सावकाश चालायचो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बबनराव गॅलरीतून ओरडायचे, 'आवो, चपला घाला! आमी बी घालतो!'

गावात मला कुणीच ओळखलं नाही. आनंद झाला. खोटं कशाला बोलू, जरा वाईटही वाटलं.

आणि एका संध्याकाळी बबनराव म्हणाले, 'उद्या दहावा हाय आमच्या धोंडिबा आबांचा. ज्या रानात तुमी रोज उबं ऱ्हाता, ते त्येंचंच. येता का? म्हराजांचं प्रवचन बी हाय.'

सांगायला लाज वाटते, पण मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खरंखुरं दुःख, तेही चालत जाण्याच्या अंतरावर! लगेच सरांना फोन लावला.

'सर, उद्या सकाळी नदीवर या. लांबून बघा फक्त. मी तिथे दुःखात असेन.'

'कोण गेलं?'

'कुणी नाही सर. म्हणजे गेलंय, पण आपलं नाही.'

सरांनी घाट कुठला ते विचारलं. मग म्हणाले, 'येतो.' बास! हा रोल मिळाला की पडणं बंद, आयुष्यात पुन्हा पडायचं नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो तर मांडव, माईक, पुढाऱ्यांसाठी सोफा, सगळी जय्यत तयारी. एक पुढारी आबांना श्रद्धांजली वाहता वाहता रस्त्याच्या डांबरीकरणाचं श्रेय घेत होते. आबांचे दोन मुलगे, थोरला मारुती आणि धाकटा संजय, कोण आलं आणि कोण नाही ते बघत होते. आबांच्या बायकोला, गंगूआजींना, बायकांनी मध्ये बसवलं होतं. रडत मात्र कुणीच नव्हतं! आबा भरल्या घरातून, पिकल्या वयात गेले होते. लोक शांतपणे चहा पीत होते. मी इतका चिडलो म्हणून सांगू! सर तिकडे झाडाखाली काळा चष्मा लावून उभे, आणि दुःखाचा पत्ता नाही.

म्हटलं, आपणच सुरुवात करू.

पायऱ्यांवर न्हावी बसला होता. भावकीतली माणसं एकेक करून डोकी करून घेत होती. मीही रांगेत जाऊन बसलो. केस गेले, दाढी गेली. न्हावी थांबला. 'पावनं, मिशी?'

'तीसुद्धा काढा. काही ठेवू नका!'

त्याचा वस्तरा हवेतच राहिला. 'नक्की?'

'नक्की!' मी सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

आता तुम्हाला माहीत असेल, मला नव्हतं. डोकं सगळी भावकी करते. मिशी मात्र ज्याचा बाप गेला तोच काढतो! माझे बाबा कोथरूडमध्ये धडधाकट, रोज टेकडी चढतात. मला हे कोण शिकवणार?

मिशी गेली आणि घाट एकदम शांत झाला. प्रवचनकार महाराजही अभंगाच्या मध्येच थांबले. मला वाटलं, वा! पोचतंय! मग मी हंबरडा फोडला. असा फोडला की पलीकडच्या काठावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

कुजबुज सुरू झाली.

'ह्यो कोन?'

'आबाचा कोन लागतो?'

'मिशी काढलीया, म्हंजी कोन लागनार?'

'आबा पुन्याला लई जायचं, न्हाई का? भाजी घिऊन.'

'भाजी घिऊन जायचं न् मुक्काम करायचं!'

मारुती माझ्याजवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, 'पावनं, गाव कंचं तुमचं?'

मी भूमिकेत होतो हो! आभाळाकडे बघत म्हणालो, 'ज्याचा बाप गेला, त्याला कसलं आलंय गाव?'

मारुती आणखी जवळ सरकला. 'आन... आई?'

'आई कधी बोलली नाही,' मी म्हणालो. 'तिने सगळं पोटात ठेवलं.'

काय वाक्य होतं! जागेवर सुचलेलं! मारुती पिवळा पडला आणि उठून संजयकडे गेला. संजयचं बोलणं मला आता आठवतं, तेव्हा डोक्यात शिरलं नाही. 'दादा, वारस नोंद व्हायची हाय आजून. रस्त्याकडंची जिमीन हाय. ह्यो हिस्सा मागाया आलाय!' आणि बबनराव कपाळावर हात मारून सांगत होते, 'मला म्हनला लेखक हाय! रोज सकाळी आबांच्या रानात उबा ऱ्हाऊन बांद मोजायचा की वो!'

तेवढ्यात पिंड ठेवले. सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले. कावळा समोरच उंबरावर बसला होता. मान वाकडी करून बघत होता, पण हलेना.

'आबा, आईला सांबाळू आमी,' मारुती हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म.

'आमी भांडनार न्हाई,' संजय म्हणाला. यावर तर कावळ्याने पाठच फिरवली.

गुरुजी घड्याळ बघत होते. त्यांना पुढे चांद्याला दुसरा दहावा होता. ते दर्भाचा कावळा करायला बसणार, इतक्यात भावकीतला एक म्हातारा गरजला, 'आरं, आबाचा जीव कशात आडकलाय ते दिसंना का तुमाला? त्यो काय बसलाय मिशी काढून!'

अख्खा घाट माझ्याकडे बघायला लागला. मी मान थोडी खाली घातली, उजेड चांगला पडावा म्हणून.

मारुतीचे डोळे भरून आले. तो पिंडासमोर म्हणाला, 'आबा, तुमी जे केलं ते केलं. ह्याला बी जिमिनीत तिसरा वाटा देतो. पर शिवा आता!'

मागे बायकांमध्ये मोठ्याने रडू फुटलं. त्या दिवसातलं पहिलं खरं रडू. थोरल्या सूनबाई होत्या.

तिसरा वाटा? मला? आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

तोवर गंगूआजी उठल्या होत्या. बायका धरत होत्या, त्यांचे हात झटकून त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. 'कोन रं तू? खरं सांग. कुनाचा हायेस?'

तुम्हाला सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. या बाईने ज्या माणसाबरोबर जन्म काढला, त्याच्या तोंडाला मी एका रोलसाठी काळं फासत होतो. तेही तो बिचारा उत्तर द्यायला नसताना! खरं सांगायलाच हवं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे सरांसमोर म्हणायचं, आजी, मी धप्पभावजी. मी झाडाकडे पाहिलं. सर दोन हातांची चौकट करून माझ्याकडेच बघत होते. मी आजींकडे पाहिलं.

'आजी, मी...' म्हणत मी पाया पडायला पुढे झालो. पायरी ओली, त्यावर भावकीच्या केसांचा थर. पाय सटकला!

एक पायरी, दुसरी पायरी, मग राहिलेल्या सगळ्या. थेट नदीकाठच्या चिखलात, तोंडावर. धप्प! आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, 'पडलो बुवा!'

मग आजींचा आवाज आला. 'अगं बया! ह्यो तर आमचा धप्पभावजी!'

आजी खालच्याच पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. 'रोज सांजच्याला ह्येचंच बगायचं वो ह्ये! जायच्या दिशी बी मला इचारलं, पडला का गं त्यो? मी म्हनलं, न्हाई आजून, जाहिरात लागलीया. तेवड्यात गेलं की वो!'

आणि उंबरावरून कावळा सरळ पिंडावर येऊन बसला! शपथेवर सांगतो!

'शिवला! शिवला!' एकच गलका झाला. 'पडल्यालं बगायचं ऱ्हायलं हुतं आबांचं!' मारुतीने मला चिखलातून ओढून काढून मिठी मारली. जमीन वाचल्याच्या आनंदात तो मला सोडायलाच तयार नव्हता. संजयने माझ्या खांद्यावर शाल टाकली, पुढाऱ्यांसाठी आणलेली. आजींनी पदराने माझं तोंड पुसायला घेतलं, तर मी म्हणालो, 'राहू द्या आजी, ती माती हवीय मला.'

तसाच सरांपुढे जाऊन उभा राहिलो. 'सर, चेहऱ्यावर माती...'

सरांनी चष्मा काढला. डोळे ओले! मला वाटलं, जिंकलं. पण त्यांचे खांदे हलत होते. हसत होते हो! ज्यांच्या सिनेमात म्हैससुद्धा गंभीर असते, ते निरंजन सर झाडाला धरून हसत होते. 'माझी आई रोज बघते तुम्हाला,' ते म्हणाले. 'तिच्यासाठी एक व्हिडिओ करू? नुसतं "पडलो बुवा" म्हणा.'

म्हटलं. काय करणार?

घरी आलो तर दार बाबांनी उघडलं. त्यांनी आधी माझं डोकं पाहिलं, मग ओठावरची रिकामी जागा पाहिली. 'अरे गाढवा, मी आहे अजून!'

केस अजून धड आलेले नाहीत, म्हणून ही टोपी. रोल दुसऱ्या नटाला गेला, तो कुर्तेवाल्यांपैकी एक. पण मी काही अगदीच रिकामा नाही. ती बातमी मुठा खोऱ्यात अशी पसरली, की आता कुठेही कावळा शिवला नाही की मला फोन येतो. आधी टाळलं. मग गंगूआजींनीच त्यांच्या माहेरासाठी गळ घातली, त्यांना नाही कसं म्हणणार? गेलो, पडलो, शिवला. त्यानंतर काही विचारू नका. बायकोला मी आता ताठ मानेने सांगतो, लोक मला गंभीर प्रसंगांना बोलावतात!

गेल्या आठवड्यात असाच निरोप आला. धावतपळत पोचलो तर कावळा आधीच शिवून गेला होता. मनापासून बरं वाटलं. म्हटलं, आज पहिल्यांदा चारचौघांसारखे हात जोडू, श्रद्धांजली वाहू आणि निघू. माईकसमोर उभा राहिलो, डोळे मिटले, आवाज जरा खोल लावला.

तोच पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, 'आवो, शिवला त्यो कवाच. पर तुमी येवड्या लांबनं आलाच हायसा, तर एकदा पडा की!'

मग काय. पडलो.