तिसरी सीट, खिडकीची

आमच्या एल्म क्रॉसिंगमध्ये नॉर्ब झास्ट्रोला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, कारण निम्म्या गावाला त्यानेच शाळेत नेऊन सोडलंय. पिवळी बस, कान झाकणारी टोपी, आणि डोक्यावर तो लांबलचक आरसा, ज्यातून मागची सगळी पोरं दिसायची. त्याची बायको अ‍ॅडेल म्हणायची, हा रस्ता कमी बघतो आणि आरसा जास्त. पण विस्कॉन्सिनच्या बर्फात इतकी वर्षं बस हाकली आणि एकदाही खड्ड्यात घातली नाही, म्हणजे रस्ताही बघत असणारच.

मी मार्लिस. घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस धुऊन सेट करून देते. नॉर्ब माझा शेजारी. अ‍ॅडेल गेली आणि हा दिवसभर खिडकीत बसायला लागला, तेव्हा त्याच्या मुलाने मिनियापोलिसहून एक फोन धाडला. तो वापरायला शिकवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. फेसबुक मीच काढून दिलं. म्हटलं, नातवंडांचे फोटो बघेल, जीव रमेल. कसलं काय! या बाबाने नातवंडं ठेवली बाजूला आणि बातम्यांखालच्या कॉमेंट वाचायला लागला.

बातम्या नव्हेत हं, कॉमेंट. वॉशिंग्टनमध्ये कोण काय बोललं, कोणाचं बिल अडलं, यात त्याला काडीचा रस नव्हता. त्याला रस होता तो खाली भांडणाऱ्या माणसांमध्ये. सकाळी कॉफीचा मग घेऊन माझ्या दुकानात यायचा, ड्रायरच्या खुर्चीत बसायचा आणि सुरू.

"मार्लिस, ही रेनाटा क्रूगर बघ. म्हणते, वॉशिंग्टनमधल्या अख्ख्या काँग्रेसवर बुलडोझर फिरवा."

"मग फिरवू दे की."

"अगं, हिने एकदा मला बस थांबवायला लावली होती. रस्त्यात कासव होतं. ते पलीकडे जाईपर्यंत ही रस्त्यात उभी. तीच ना ही?"

"तीच असेल. दुसरी कुठली रेनाटा आहे आपल्याकडे?"

"मग बुलडोझर कुठून आला?"

टोमणा नव्हता तो. मी नॉर्बला ओळखते, टोमणा मारायला लागणारी नसच त्याच्यात नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने तेच तिच्या कॉमेंटखाली लिहिलं, एका बोटाने, अर्धा तास खपून. संध्याकाळी रेनाटाचं उत्तर आलं, "मीच ती, मिस्टर नॉर्ब. आजचा दिवस वाईट गेला." आणि बुलडोझर तिने पुसून टाकला.

तेव्हापासून त्याला नादच लागला. रॉडनी पेल्की निवडणुकीवरून लोकांना शिव्या घालत होता, तर नॉर्बने विचारलं, "रॉडनी, खाणीच्या वळणावर तुला अजून ओकारी येते का रे?" रॉडनी दोन दिवस गप्प. गावातल्या बायका केस सेट करायला आल्या की मला मोठ्याने वाचून दाखवायला लावायच्या. हळूहळू लोक स्वतःहून लिहायला लागले, मिस्टर नॉर्ब, मी कुठल्या सीटवर बसायचो सांगा. आणि हा सांगायचा! डावीकडची पाचवी, शेजारी धाकटी बहीण, डब्यात रोज लोणच्याचं सँडविच. कोणाचं काहीही चुकायचं नाही. गाव दोन पक्षांत उभं चिरलेलं होतं, पण नॉर्बच्या आठवणीबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

बाहेरच्या लोकांना मात्र हा प्रकार झेपेना. फ्लोरिडातल्या एकाने लिहिलं, हा बॉट आहे.

"बॉट म्हणजे गं?" नॉर्बने विचारलं.

"म्हणजे माणूस नाही, यंत्र."

"असं? मग माझे गुडघे का दुखतात ते त्यालाच विचारतो."

आणि विचारलंही मेल्याने!

फेब्रुवारीत मात्र घात झाला. थंडीत घर गरम ठेवायला सरकार गरिबांना जी मदत देतं, ती कापायचं चाललंय अशी बातमी होती. त्याखाली डॅरिन ह्रुस्काने लिहिलं, "बस झाली फुकटची खैरात. कामं करा म्हणावं. मला जन्मात कोणी काही दिलं नाही." डॅरिन छपरं घालतो, हिवाळ्यात ट्रकला फाळ लावून लोकांच्या वाटेवरचा बर्फ काढतो. नॉर्बची वाट तो न सांगता, न विचारता साफ करायचा. नॉर्ब उठायच्या आधी काम झालेलं असायचं. त्याबद्दल दोघांमध्ये कधी शब्दसुद्धा निघाला नाही. आमच्याकडे तो काढतही नाहीत.

नॉर्बने त्याखाली लिहिलं, "डॅरिन, तू तिसऱ्या सीटवर बसायचास, खिडकीशी. एका हिवाळ्यात तू रोज कोटाशिवाय चढायचास. मी माझ्या मुलाचा जुना तपकिरी कोट तुझ्यासाठी बसमध्ये ठेवला होता. तू रोज थँक्यू म्हणायचास. तुला आठवत नाही का? मला नवल वाटतं म्हणून विचारतोय."

झालं! कोणीतरी त्या दोन कॉमेंटचा फोटो काढला आणि देशभर फिरवला. म्हाताऱ्याने वाजवली, म्हणून एका बाजूने हसणाऱ्या तोंडांचा पाऊस. दुसरी बाजू म्हणे, हा म्हातारा पैसे देऊन बसवलाय. ज्यांच्या डोक्यावर डॅरिनने कधी छप्पर घातलं नव्हतं, अशा ओरेगॉनातल्या लोकांनी त्याच्या धंद्याच्या पानावर जाऊन पाचातला एक-एकच तारा दिला. तेही एक वेळ चाललं असतं. पण मग कोणालातरी आई आठवली. जानेवारीत पोराला कोटाशिवाय बाहेर काढणारी आई कसली? दारुडी असेल. पोरं काढून घ्यायला हवी होती तिची. हजारो लोक, आणि त्यातल्या एकालाही आयलीन ह्रुस्का कोण हे माहीत नव्हतं.

आयलीन माझ्याकडे दर गुरुवारी यायची. त्या गुरुवारी आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. ईस्टरच्या आधीचे, मांस न खाण्याचे शुक्रवार सुरू झाले होते. चर्चच्या तळघरात मासे तळतात, अख्खं गाव जेवायला येतं, आणि राय धान्याचा पाव आयलीनचा, वर्षानुवर्षं. तिने फादरना निरोप पाठवला, पाव दुसऱ्या कोणाकडून घ्या, मी येणार नाही. मग बर्फ पडला. सगळ्या गल्लीच्या वाटा साफ झाल्या, नॉर्बची तेवढी तशीच राहिली, गुडघाभर.

मी बूट चढवून त्याच्या घरात शिरले.

"बघितलंस बाहेर?"

"बघितलं."

"काय गरज होती रे तुला? त्या बाईने नवरा सोडून गेल्यावर एकटीने पोर वाढवलं, आणि तू तिला चव्हाट्यावर बसवलंस!"

"मी तिच्याबद्दल एक शब्द लिहिला नाही, मार्लिस."

"लिहायला कशाला हवा? कोट नाही म्हटलं की आई आलीच!"

त्याचा चेहरा खाडकन उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आरशात त्याला पोरं दिसायची, पोरांमागची घरं दिसायची नाहीत. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायचं नसतं, म्हणून मी सफरचंदाचा केक घेतला आणि त्याला गाडीत घातलं.

आयलीनने दार उघडलं. केस विस्कटलेले. इतक्या वर्षांत मी तिला तशी पहिल्यांदा बघितली, आणि मला भडभडून आलं. तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, आणि नॉर्ब तोंड उघडणार तोच म्हणाली, "थांब. आधी हे बघ."

आतून तिने एक कोट आणला. लहान मुलाचा, निळा, जाड, चांगल्या लोकरीचा. फारसा वापरलेला दिसत नव्हता.

"हा त्याचा कोट. त्याच हिवाळ्यातला. रोज सकाळी हा घालूनच तो घरातून निघायचा."

नॉर्ब कोटाकडे बघतच राहिला. "पण बसमध्ये..."

"बसमध्ये कोटाशिवाय चढायचा, ते खरंच आहे. तू खोटं लिहिलं नाहीस. एप्रिलमध्ये आमच्या वाटेखालची मोरी तुंबली. वाकून बघते, तर आत पोत्यात हा कोट, घडी घालून. पोर शाळेत आणि कोट मोरीत! घरी आल्यावर विचारलं, तर म्हणे, उकडतं. मी एक ठेवून दिली गालात. परत विचारलं नाही." ती खुर्चीत बसली. "नॉर्ब, तू तो तपकिरी कोट त्याला नुसता द्यायचास, की घालायचास?"

"घालायचो. त्याची चेन अडकायची. बस उभी करून, खाली वाकून मीच लावायचो."

"रोज?"

"रोज."

"त्याचा बाप त्याच ऑक्टोबरात सामान घेऊन गेला होता. मी चीजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायचे, डोळे मिटत असायचे. ह्या कोटाच्या गुंड्या त्याच्या तोच लावायचा."

 मी केक कापत बसले, कोणी मागितला नव्हता तरी.

"मी आत्ता लिहितो," नॉर्बने खिशातून फोन काढला. "कोट होता, चांगला होता, आईने घेतला होता."

"आणि मोरीत का ठेवला, असं लोकांनी विचारलं तर? ते पण लिहिशील? बापाची माया मिळावी म्हणून पोराने स्वतःचा कोट लपवला, हे ओरेगॉनवाल्यांनी वाचायचं? आणि त्यावर पण तोंडं हसवायची?" तिने फोनवर हात ठेवला. "नाही नॉर्ब. मला वाईट आई म्हणू देत. मी सोसेन."

"मग शुक्रवारी पाव घेऊन येशील?" नॉर्बने विचारलं.

"सोसेन म्हटलं. मिरवेन म्हटलं नाही."

 दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्ब दुकानात आला, कॉफीशिवाय, आणि फोन माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं, "माझी चूक झाली. कोट नसलेला मुलगा डॅरिन ह्रुस्का नव्हता. दुसरा कोणीतरी होता, आता नाव आठवत नाही. आयलीनच्या मुलाला चांगला निळा कोट होता, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. वय झालं माझं. सगळ्या आठवणींची सरमिसळ होते. दोघांची माफी मागतो."

"अरे वेड्या, हे टाकलंस तर तुझ्या आठवणीवर परत कोण विश्वास ठेवेल?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "म्हणून तर टाकतोय."

आणि टाकलं.

पुन्हा हसरी तोंडं आली. कोणी लिहिलं, यंत्र बिघडलं. रॉडनी पेल्कीला तर उकळ्या फुटल्या. त्याने लिहिलं, म्हणजे ओकणारा पण मी नव्हतोच! रेनाटाने तेवढं लिहिलं, कासव मात्र खरं होतं. मिनियापोलिसहून मुलाचा फोन आला, बाबा, डॉक्टरकडे जाऊन या. माझ्या खुर्चीत बसून बायका चुकचुकायला लागल्या, बिचाऱ्या नॉर्बचं डोकं चाललं हो. माझी जीभ इतकी वळवळली म्हणून सांगू! पण आयलीनचा चेहरा आठवला आणि मी कंगवा चालवत राहिले. सीट कुठली होती हे नॉर्बला कोणी विचारेना. त्यानेही फोन खणात टाकून दिला. त्याचं एवढं एकच मोठेपण होतं, तेही या माणसाने स्वतःच्या हाताने पुसलं. मला विचाराल तर रागही आला आणि अभिमानही वाटला, कुठला जास्त ते आजही सांगता येणार नाही.

गुरुवारी आयलीन आली. केस सेट करून घेतले, आरशात वळून बघितलं आणि म्हणाली, "उद्या पावाला लवकर उठायचंय."

डॅरिन मात्र नॉर्बच्या वाटेकडे फिरकला नाही. मदत कापायच्या बातमीखाली त्या आठवड्यात त्याने पुन्हा लिहिलं, तितक्याच तावातावाने. मत तसूभर बदललं नव्हतं. मी आपली उत्सुकतेने शेवटपर्यंत वाचत गेले. मला कोणी काही दिलं नाही, हे वाक्य तेवढं त्यात नव्हतं.

शुक्रवारी तळघरात ही गर्दी. तेलाचा वास, तळलेले मासे, आयलीनचा पाव. नॉर्ब कोबीची कोशिंबीर वाढायला उभा होता, मी शेजारी बटाट्यांवर. डॅरिन ताट घेऊन पुढे आला आणि थांबला. 

"मिस्टर नॉर्ब, माझी सीट कुठली होती?"

सगळ्यांचे कान टवकारलेले. नॉर्बने कोशिंबिरीतून मान वर केली नाही.

"काय ठाऊक बाबा. आता काही लक्षात राहत नाही."

डॅरिन क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला, आणि ताट घेऊन आईशेजारी जाऊन बसला.

जेवणं आटोपली. दारापाशी नॉर्ब कोट चढवून चेनशी झटापट करत होता. त्याची बोटं सुजतात थंडीने, खालचं टोक काही अडकेना. मी पुढे होणार, तेवढ्यात डॅरिन आला. ट्रकच्या किल्ल्या त्याने खुर्चीवर ठेवल्या, आणि एवढा धिप्पाड बाप्या गडी एक गुडघा टेकून नॉर्बपुढे खाली बसला. चेनची दोन टोकं जुळवायला लागला.

"अडकते ही," तो म्हणाला.

नॉर्बने आजूबाजूला बघितलं. माझ्याशिवाय जवळ कोणी नव्हतं. मग तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "तिसरी. खिडकीची."

डॅरिनने मान वर केली नाही. त्याने चेन सावकाश हनुवटीपर्यंत ओढली, आणि म्हणाला, "थँक्यू, मिस्टर नॉर्ब."