गाण्यांत शिरलेलं फाटक

गाडी शिकवण्यात उभा जन्म गेल्यामुळे मास्तरांना एक खोड जडली होती. शेजारी कुणी शिकाऊ असो वा नसो, रस्त्यावरचा प्रत्येक जण त्यांचा विद्यार्थी. गाडीत एकटे असले तरी तोंड चालूच. "ट्रकवाले, तो दिवा शोभेला लावलाय का? आजोबा, रस्ता बघा, रस्ता! आभाळात काय ठेवलंय?"

आणि अशा माणसावर आळ आला, तो घराचं फाटक ठोकल्याचा!

वरच्या मजल्यावर मास्तर आणि त्यांची लेक, खाली थोरले भाऊ आणि वहिनी. फाटक सामाईक. वहिनींनी गाडी मागे घेताना ते पार वाकवलं, हे मास्तरांनी समोर थांबलेल्या आपल्या गाडीतून डोळ्यांनी बघितलं होतं. पण दादा घरी येईपर्यंत वहिनींनी आळीभर करून टाकलं, "भावजींचं वय झालं हो. अंदाज चुकतो आता."

"दादा, वहिनींनीच ठोकलंय!"

"ती? अरे, ती गाडी चालवते तेव्हा मागून पायी चालणारे पुढे जातात. पुरावा आहे?"

इकडे दोन शिकाऊ बायकांनी गुपचूप दुसरा क्लास धरला.

"बाबा, गाडीत कॅमेरा आहे ना?" लेक म्हणाली. नव्या गाडीला पेन ड्राइव्हची खाच एकच, म्हणून तिनंच त्या ड्राइव्हचे दोन भाग करून दिले होते. "अर्ध्यात तुमची गाणी, अर्ध्यात कॅमेऱ्याचं चित्रण. सगळं असेल त्यात. फक्त कॅमेऱ्याचा भाग भरला की तो जुनं पुसतो आणि नवं लिहितो."

"पुसतो? न विचारता?"

"न विचारता. रविवारी दोघांना वर बोलवा, मी कॉम्प्युटरवर दाखवते. तोवर तुम्ही हात लावू नका."

पण मास्तरांचा जीव टांगणीला लागला. रविवारपर्यंत पुसलं गेलं तर? लेक कामावर गेल्यावर त्यांनी ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, चष्मा सावरत चित्रणातला फाटकाचा तुकडा शोधला आणि उचलून सरळ गाण्यांच्या भागात ठेवला. गाणी कशाला कोण पुसतंय!

रविवारी दादांना नवा चष्मा आणायचा होता. "चल, सोडतो. आल्यावर पिक्चर दाखवतो," मास्तर ऐटीत म्हणाले. दादा पुढे, वहिनी आणि लेक मागे. गाणी सुरू झाली. एक संपलं आणि दुसऱ्याच्या जागी आला मास्तरांचाच आवाज.

"वहिनी निघाल्या! रस्ता मोकळा करा! अहो, आरसा बघा. तो भांग पाडायला नाही. ब्रेक... क्लच नव्हे हो, ब्रेक!"

मग धडाम्.

"गेलं फाटक."

लेकीनं कपाळाला हात लावला. "बाबा, तो तुकडा गाण्यांत टाकलात? हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"लावला नाही. नुसता हलवला."

दादा सावकाश मागे वळले. "काय गं?"

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागल्या. मास्तरांची छाती मात्र वीतभर फुगली. "ऐकलंत? आता सांगा आळीत, कुणाचा अंदाज चुकतो ते!"

तुकडा अजून संपला नव्हता. "या बाईला गाडी शिकवली तरी कोणी?" आतला आवाज चिडून म्हणाला. मग जरा थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "अरे देवा. मीच की."

वहिनी ताठ बसल्या. "भावजी, ते शेवटचं पुन्हा लावा ना."

दादा हसून हसून डोळे पुसायला लागले.

"सांगते हं आळीत," वहिनी म्हणाल्या. "फाटक मीच ठोकलं. आणि माझे गुरू कोण, तेही सांगते. काही लपवायचं नाही."

मास्तर गार पडले. ड्रायव्हर वाईट निघाला तर लोक एक वेळ विसरतील. पण मास्तर वाईट म्हटल्यावर क्लासची पाटीच उतरवावी लागायची. त्यांनी मोकळी जागा बघून गाडी कडेला घेतली, उतरले आणि वहिनींचं दार उघडलं.

"या. स्टिअरिंगवर बसा."

"आत्ता?"

"आत्ता. रिव्हर्सपासून. नीट येईपर्यंत आळीत एक शब्द बोलायचा नाही."

"अहो, पण ह्यांचा चष्मा आणायचाय!"

"राहू दे की. दिसत नाही तेच बरं, घाबरायचा नाही तो."

दादा मुकाट्यानं मागे जाऊन बसले आणि त्यांनी सीटबेल्ट दोनदा ओढून बघितला.