पोत्याच्या तळाचा पाला

आमच्या गुळवेलीवर पुण्याच्या औषध कंपनीने ‘भेसळ’ असा शेरा मारला, त्याला आता दोन वर्षं होतील. शेरा अजून त्यांच्या कॉम्प्युटरात आहे. तो काढावा म्हणून मी पुण्याला किती खेपा घातल्या, फोनवर किती वेळा आवाज चढवला, याचा हिशेब ठेवलेला नाही. एकदा तर खरेदीच्या साहेबाच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि बराच वेळ हातात धरून परत जागेवर ठेवला. साहेब घाबरला, शेरा हलला नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. पण त्या शेऱ्याने माझं जे व्हायचं ते झालं. माझं गोदाम चालू आहे, दुसऱ्या कंपन्या माल घेतात. ज्याचं खरं वाटोळं झालं तो माणूस वेगळा होता.

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत मी वनौषधींचा व्यापार करतो. डोंगराकडून हिरडा येतो, पूर्वेच्या बांधांवरून गुळवेल येते. माल निवडायचा, पोती शिवायची, पाठवायची. याच बोळात मी आधी दुसऱ्यांची पोती पाठीवर वाहिली आहेत, त्यामुळे पोत्याला हात लावला की आत काय आहे ते मला कळतं, असा माझा समज होता.

आबा खोडदचे. घर मूळचं मेंढरं राखणारं. मेंढरं विकली, चार शेळ्या उरल्या, पण रानात हिंडायची सवय सुटली नाही. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्यांच्या भोवतालच्या शिवारात कोणत्या कडुनिंबावर गुळवेल चढली आहे, ती किती जुनी आहे, हे त्यांना पाठ होतं. अंगठ्याएवढी जाड वेल तोडायची, बोटभर तुकडे करायचे, सावलीत वाळवायचे. दर उन्हाळ्यात ते आणि त्यांची बायको, मी त्यांना मावशी म्हणायचो, एसटीने पोती घेऊन यायचे.

आमचा सौदा तोंडाने कधी झाला नाही. मेंढरांच्या बाजारात करतात तसा तो टॉवेलाखाली व्हायचा. आबा खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकायचे आणि आत बोटं बोलायची, जितकी बोटं तितका भाव. त्यांनी माझी चार बोटं धरली की मी एक सोडवून घ्यायचो. मग ते माझं मनगट दाबायचे. वर तोंडाने भलत्याच गप्पा.

“लेण्याद्रीला लई गर्दी व्हती म्हणं काल,” ते म्हणायचे आणि खाली अर्धं बोट वाढवायचे.

“गर्दी कायमचीच आहे आबा,” मी म्हणायचो आणि अर्धं बोट परत करायचो.

“तुमी लई चिकट, शेठ.”

“तुमच्याकडूनच शिकलो.”

वीस वर्षं असं चाललं. त्यांच्या तळहाताला वेल तोडून तोडून पडलेल्या चिरा मला डोळे झाकून ओळखता आल्या असत्या.

साथीच्या काळात गुळवेलीला एवढी मागणी आली की लोकांनी कुंपणं ओरबाडली. मागणी ओसरल्यावर कंपन्या चोखंदळ झाल्या. त्या सुमारास आबांच्या एका पोत्यात कीड निघाली. तुकड्यांना भोकं, तळाला भुसा. मी त्यांना गोदामात उभं करून खूप बोललो. “हे किडे मी कंपनीला चारू का?” असं म्हणालो. त्या दिवशी टॉवेल पडला तेव्हा मी फार खालचा भाव धरला आणि बोटं सैल केली नाहीत.

आबा एवढंच म्हणाले, “पुढल्या साली एक किडा दावा, पोतं फुकट.”

पुढच्या साली खरंच एकही किडा नव्हता. मी वरचे तुकडे हातात घेतले, मोडून बघितले, खूश झालो. हे कसं जमवलं, ते विचारलं नाही. माल चांगला असला की का चांगला आहे हे व्यापारी विचारत नाही. पोत्यावर आबांची लाल रंगाची खूण होती. ते पोतं बाकीच्यांबरोबर पुण्याला गेलं.

आठवड्याने कंपनीतून बोलावणं आलं. त्यांच्या प्रयोगशाळेत एक तरुण मुलगी होती. तिने मला तळहातावर मावेल एवढा पातळ पत्रा दाखवला. त्यावर पांढऱ्या पावडरीचा थर. खाली पेन्सिलीची रेघ, रेघेवर ठिपके. मालाचा अर्क काढून त्याचा थेंब या रेघेवर ठेवायचा, पत्रा थोड्या द्रावणात उभा करायचा. द्रावण थरातून वर चढतं आणि अर्कातले घटक सोबत नेतं. कोणी खाली थांबतो, कोणी वर जातो. प्रत्येकाची उंची ठरलेली. याला ते टीएलसी म्हणतात.

“डावीकडची रांग आमच्याकडच्या खात्रीच्या गुळवेलीची,” ती म्हणाली. “शेजारची तुमच्या पोत्याची. खालचे डाग जुळतात. वरचे हे दोन बघा, ते गुळवेलीत नसतात.”

मग तिने पत्रा एका अंधाऱ्या पेटीत निळसर दिव्याखाली ठेवला. माझ्या मालाच्या रांगेत लालभडक पट्टा चमकला.

“हे काय आहे?”

“पाल्याचं हिरवं द्रव्य असावं. खोडात एवढं नसतं. नक्की कसला पाला, ते या प्लेटवरून सांगता येणार नाही. गुळवेल सोडून आणखी काहीतरी आहे, एवढंच ही सांगते.”

ती एवढंच बोलली होती. आज मला ते शब्द न शब्द आठवतात. त्या दिवशी मी फक्त साहेबाने कागदावर मारलेला शिक्का वाचला. नमुना आबांच्या पोत्यातून निघाला होता. पोकळ सळई थेट तळापर्यंत खुपसून. सगळा माल परत आला.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी आबा आणि मावशी नवं पोतं घेऊन आले. मी गोदामाच्या पायरीवर उभा होतो. समोर चहाची टपरी, माणसांनी भरलेली.

“काय मिसळलंस रे पोत्यात?” मी ओरडलो. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अरे म्हणालो.

आबांना आधी कळलंच नाही मी कोणाशी बोलतोय. त्यांनी मागे वळून बघितलं.

“मी? मी कशाला काय मिसळू, शेठ?”

“मग मशीन खोटं बोलतं का?”

“मशीनचं मला काय ठावं? गुळवेल हाय ती.”

मावशी पुढे आल्या. “भाऊ, आत बसून बोला. लोकं बघत्यात.”

“बघू द्या. चोरी उघड्यावर आणि बोलणं आत?”

टपरीवरून कोणीतरी ओरडलं, “आबा, शेळ्यांचा चारा घातला का काय पोत्यात?” लोक हसले.

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे धरला. त्यांच्या परीने ते म्हणत होते, जे काय असेल ते झाकून बोलू. मी टॉवेल ओढून खाली टाकला. त्यांनी वाकून तो उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि “बरं” म्हणाले. दोघं पोतं घेऊन स्टँडकडे गेले. पोतं मावशींच्या डोक्यावर होतं.

ते परत आले नाहीत. कंपनीकडून परत आलेलं त्यांचं लाल खुणेचं पोतं मी रागाने कोपऱ्यात लोटून दिलं होतं. तो पावसाळा गोदामाला वाईट गेला, सगळ्या मालाला कीड लागली. दसऱ्यानंतर साफसफाई काढली तेव्हा मी ते पोतं चादरीवर ओतलं. कीड नाही. तळातून करडा-हिरवा चुरा पडला आणि वास आला. तो वास मला लहानपणापासून माहीत होता. पाठ धरली की आई निर्गुडीचा पाला गरम करून शेकायची.

मी तो चुरा ओंजळीत घेतला. आमच्याकडे धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा, निर्गुडीचा पाला सगळेच घालतात. त्याला कोणी मिसळणं म्हणत नाही. तो काळजीचा भाग असतो. आबांनी गुळवेलीचे थर आणि पाल्याचे थर असं पोतं भरलं होतं. पाला लपवलेला नव्हता, वाळून चुरा होऊन तो तळाला गेला म्हणून मला वरून दिसला नव्हता. मी काय मिसळलं ते विचारलं, तेव्हा ते खरंच बोलत होते.

आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात एक प्राध्यापक असले प्रयोग शिकवतात, असं कोणीतरी सांगितलं. मी चार पुड्या घेऊन गेलो: हाताने निवडून, पुसून घेतलेले आबांचे तुकडे, तळाचा चुरा, दुसऱ्याची गुळवेल आणि मी स्वतः ओढ्याकाठी तोडून वाळवलेली निर्गुडी. त्यांनी एकाच पत्र्यावर चार ठिपके लावले. द्रावण वर चढायला फार वेळ लागला नाही, पण मला तिथल्या स्टुलावर बसवेना. मग त्यांनी पत्र्यावर कसलं तरी औषध फवारलं, तापवलं आणि रंग उठले.

आबांचे तुकडे दुसऱ्याच्या गुळवेलीशी डागाला डाग जुळले. चुऱ्यात वरचे ते दोन डाग होते आणि निर्गुडीच्या रांगेत ते बरोबर त्याच उंचीवर होते.

“काही महिन्यांत रंग उडेल,” प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने गोल काढून दिला.

खरं म्हणजे मी तिथूनच खोडदला जायला हवं होतं. नारायणगाववरून रस्ता तो कितीसा. पण माझ्या डोक्यात व्यवहार होता. रिकाम्या हाताने कसं जायचं? आधी कंपनीकडून शेरा मागे घेतल्याचं पत्र आणायचं, ते आबांच्या हातात ठेवायचं, म्हणजे मला फार बोलावं लागणार नाही. मी पत्रा घेऊन पुण्याला गेलो. साहेब म्हणाला, पाला म्हणजे बाहेरचं द्रव्यच, शेरा बरोबर आहे. मी भांडलो. ‘भेसळ’ शब्द काढा, दुसरा लिहा. तो म्हणाला, वर विचारतो. मी परत गेलो, परत भांडलो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी एका शब्दासाठी घासाघीस करत राहिलो.

त्या दिवसांत आबा गेले. मला कळलं ते माघ संपता संपता, खोडदचा एक शेतकरी सहज बोलून गेला तेव्हा.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मी पत्रा काढून त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. रंग तोवर बरेच फिकटले होते.

“ह्यात ते निर्दोष हायेत असं लिवलंय?”

“हो.”

“मग मला कशाला दावताय? मला ठावंच व्हतं.”

मी म्हणालो, “मावशी, त्या दिवशी त्यांनी पाल्याचं सांगितलं का नाही?”

“त्यांच्या मनातच न्हाई आलं, शेठ.” आधी त्या मला भाऊ म्हणायच्या. “घरी आल्यावर रातभर इचार करत बसले, मशीनला काय दिसलं आसंल म्हणून. सकाळी म्हणले, अगं, पाला तर न्हाई? तवा मी म्हणलं, जा, सांगून या. तर म्हणले, शेठ येतील. माल हुडकतील आन् येतील. लई चलाख माणूस हाय.”

मी पैशाचं काही बोलायला तोंड उघडलं. त्यांनी पत्रा माझ्या हातात परत दिला आणि हात वर केला.

“पोरं त्यांना गल्लीत भेसळवाला म्हणायची. हसण्यावारी न्यायचे, पन बाजाराला जायचं सोडलं त्यांनी. तुमाला द्यायचंच आसंल तर एक करा. जितं वरडला, तितंच सांगा. तेवढ्याच मोठ्यानं.”

पुढच्या बाजारच्या दिवशी मी पायरीवर उभा राहिलो. टपरी भरलेली होती. मी सांगितलं. आवाज माझा मोठा आहे, पण त्या दिवशी तो मध्येच फुटत होता. काहींनी मोबाइलमधून वर बघितलं. एकाने पत्रा हातात घेऊन विचारलं, “ही कसली टेस्ट, शुगरची का?” ज्यांच्यासमोर मी आबांना बोललो होतो त्यातलं कोण तिथे होतं, कोण नव्हतं, मला सांगता येणार नाही.

मी पुन्हा सांगितलं, खोडदचे आबा, टॉवेलवाले, दर साली गुळवेल आणायचे.

चहावाल्याने कपात गाळणं धरता धरता मान वर केली. त्याला आठवलं. “हां हां, ते,” तो म्हणाला. “ते भेसळवाले ना?”

मी नाही म्हणालो. दर बाजारी त्याच्याकडे चहा घेताना मी त्याला अजून नाही म्हणून सांगतो. तो मान हलवतो.