माझ्या वाट्याची पाणंद

नोकरीसाठी मी गाव सोडलं त्या सकाळी दादा बैलगाडी हाकत होते आणि माय मागे माझ्या ट्रंकेवर बसून रडत होती. आमचं घर शेतातच, वस्तीवर. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत जी पाणंद होती, तिच्यातून दोन गाड्या शेजारून जायच्या. फाट्यावर एसटी धरायची, नवीन जालन्याला उतरायचं, तिथून रेल्वेने पुणं. वाटभर दादा एकच वाक्य बोलले, "परक्या मुलखात कुणाच्या वाटेत आडवी उभी राहू नको."

परक्या मुलखात मी कुणाला आडवी गेले नाही. आडवी उभी राहिले ती आपल्याच गावात, आपल्याच भावाच्या वाटेत.

गावात राहिलेल्यांना ही पाणंद मी काय सांगावी? पण माझ्यासारखे जे निघाले त्यांच्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून लिहिते. आमचं गाव हसनाबाद आणि राजूरच्या मधे. वरच्या अंगाला मुरमाड टेकडी, तिच्यावर कुसळाशिवाय काही येत नाही. खाली काळी जमीन, पावसात बैलाचा खूर धरून ठेवणारी. मधून ओढा, तो पुढे गिरजा नदीला मिळतो. पाणंद ओढ्याच्या कडेनं गेलीय, कारण त्या सगळ्या काळ्या चिखलात तेवढीच पट्टी कठीण. जुन्या माणसांनी पाहून-पारखून ती धरली होती.

रझाकारांच्या धामधुमीत आमचे आजोबा बायकापोरांना गाडीत घालून याच पाणंदीने निघाले. पोलीस ॲक्शननंतर वारं फिरलं, तेव्हा आमचे बांधशेजारी चांदचाचा यांचे वडील आपली माणसं घेऊन याच पाणंदीने निघाले. दोन्ही घरं परत आली, आणि मधल्या काळात एकमेकांची जनावरं एकमेकांनी सांभाळली होती. एवढा इतिहास त्या वाटेचा. कुठे लिहिलेला नाही.

आणि ही वाट आपण नांगराने खाल्ली. कुणी एकाने नाही, सगळ्यांनी. दर साल नांगराचं एकेक तास आत. बांधावरची बाभळ वाळली की तिच्या जागी तूर. दादा होते तोवर आमच्या बाजूने कधी नांगर आत गेला नाही. ते गेले आणि माझ्या धाकट्या भावाने, दत्ताने, पाणंदीतच मोसंबीची ओळ लावली. गाडीवाट गेली, पायवाट राहिली.

मागच्या पावसाळ्यात माय गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी हडपसरच्या फ्लॅटमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमधून उठून फोनवर. ॲम्ब्युलन्स फाट्यावर येऊन उभी होती, पुढे येईना. दत्ताने आणि चांदचाचांच्या मुलांनी मायला बाजेवर घातलं आणि चिखलातून नेलं. फोन चालूच राहिला होता. मला मायचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि दत्ताचा आवाज, "संभाळून, फांदी लागंल तिला." त्याच्याच मोसंबीची फांदी.

माय वाचली. वॉकर धरून चालू लागली तशी मी सुट्टी काढून गावी गेले आणि सगळ्यांना मारुतीच्या पारावर बोलावलं. सगळे आले. सगळ्यांना रस्ता हवा होता. चांदचाचा म्हणाले, "बेटी, बिलकुल बराबर बोलली तू. पर सुरुवात पल्याडून होऊ दे." पल्याडचे म्हणाले, अल्याडून होऊ द्या. मी पाराभोवती फिरून घसा बसेपर्यंत बोलले. शेवटी चांदचाचांनीच विचारलं, "तुझा भाऊ झाडं काढतो का? मंग आम्ही आजच सरकतो."

सगळे दत्ताकडे पाहू लागले. तो उठून घरी गेला.

घरी त्याने आवाज चढवला. "तू तिकडं पुण्यात राहून राह्यली. इथला चिखल तुला फोनमधून दिसतो. लेकरासारखी जगवली म्या ती झाडं, टँकरच्या पाण्यावर. ती तोडू?"

"मायला बाजेवर नेलंस, दत्ता."

"नेलं ना? म्याच नेलं. तू आल्ती का?"

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "झाडं ठेव. माझा हिस्सा मोजून दे. रस्ता माझ्या हिश्शातून काढते."

आमच्याकडे बहिणी हिस्सा मागत नाहीत. हक्क सोडल्याची सही करतात, साडी घेतात, आणि माहेर शाबूत राहतं. माय चुलीपाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, तू जाशील निघून. मला इथंच ऱ्हायचंय." मला वाटलं ती नको म्हणतेय. पण पुढे ती दत्ताला म्हणाली, "दे तिला. रस्त्याला तर मागती."

मोजणी झाली. ओढ्याकडची पट्टी माझ्या नावावर आली आणि मी ती रस्त्याला सोडली. मग लाजेकाजेने अल्याड-पल्याडचेही सरकले. जेसीबी आला, मुरूम पडला. रस्ता सरळ येतो आणि दत्ताच्या मोसंबीपाशी वाकून पुढे जातो. त्याला गाव 'भांडणाचं वळण' म्हणतं. आता त्यावरून शाळेची गाडी जाते, दुधाची जाते, दत्ताची मोसंबीही टेम्पोत भरून तिथूनच जाते. भाऊबीजेला त्याचा फोन येत नाही. मी केला तर उचलत नाही.

निघून गेलेल्यांनो, तुम्ही मला फोन करून म्हणता, गावासाठी फार मोठं काम केलंस. मला चीड येते. जी वाट होतीच, ती परत मिळवायला मला माहेर द्यावं लागलं, यात मोठं काय?

मी अजून जाते. गाडी वळणापाशी लावते, पुढे जात नाही. माय वॉकर टेकत तिथवर येते आणि आम्ही गाडीचं दार उघडून आत बसतो. ती सगळ्यांचं सांगते: कुणाची म्हैस व्याली, दत्ताच्या पोरीला चष्मा लागला. आमचं पत्र्याचं घर तिथून स्पष्ट दिसतं. वहिनी अंगणात कपडे वाळत घालते, आमच्याकडे पाठ करून.

ऊन उतरलं की माय उठते. पूर्वी शेतातून निघताना ती म्हणायची, "चल, घरी जाऊ." आता वॉकर सरळ करते, माझ्या गालावरून हात फिरवते आणि म्हणते, "बरं, मी जाते घरी."