भिंतीवर चिकटवलेली यादी

रक्ताचे नमुने गोळा करण्याच्या कामात नळ्या मोजूनच भरतात. किस्से मात्र न मागता साचत जातात. भाव नसल्याने कापूस घरातच पिवळा पडत होता, त्या वर्षांत आम्ही तिघे अकोला-अमरावतीची गावे फिरत होतो: पुण्याच्या डॉक्टर मॅडम, रक्त काढणारे बार्शीटाकळीचे गफूरभाई आणि फॉर्म भरणारा मी, निवृत्त मास्तर.

*

हिवरखेडला मॅडमनी समजावले, "शरीरात एक एंझाइम असते. ते इन्सुलिनचा निचरा करते आणि मेंदूत साचणारा कचराही झाडते. त्याच्या जनुकात फरक असला, तर अल्झायमरचा, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचा धोका थोडा वाढतो का, ते आम्ही तपासतो आहोत."

पुढे बसलेला म्हातारा म्हणाला, "म्हंजे झाडूवाला एक अन् मोहल्ले दोन! आमच्या गावासारखंच हाय की!"

*

त्याच म्हाताऱ्याला मी स्मरणाच्या चाचणीतला प्रश्न विचारला, "देशाचे पंतप्रधान कोण?"

"मले ते ठाऊक हायत. त्यायले मी ठाऊक हाय का, हे कावून नाई लिहून राहिले तुमी?"

फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

*

मग अनसूयाबाई आल्या. मी पतीचे नाव विचारले. त्यांनी पदर सावरला. पुन्हा दोनदा विचारले.

"त्यायलेच इचारा ना! थे का अंगनात बसले हायत."

तीनदा विचारूनही नाव आले नाही, तर 'आठवत नाही' येथे खूण करावी, असा नियम होता. मी खूण केली.

गफूरभाई हळूच म्हणाले, "मास्तर, बाई इसरली नाई. रीत पाळून राहिली."

"नियम म्हणजे नियम!" मी म्हणालो. माझ्या आईनेही जन्मभर वडिलांचे नाव घेतले नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा आटोपून मी फेरतपासणीची यादी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली. शीर्षक दिले, 'विस्मरणाचा संशय'. खाली एकच नाव होते, अनसूयाबाईंचे.

त्यांच्या मुलीचे, लताचे, लग्न ठरले होते. संध्याकाळी नवऱ्या मुलाचे वडील, देविदासराव, आमच्यापुढे येऊन उभे राहिले.

"मायच्या रक्तात असन, तर पोरीच्या रक्तात बी असन."

मॅडम म्हणाल्या, "अहो, जनुक म्हणजे केवळ शक्यता. आजार होईलच असे नाही."

"बियान्याच्या पाकिटावर बी शक्यताच लिहेल होती, म्याडम. आमी पेरून पाह्यलं!"

सोयरीक मोडली.

*

मी चूक दुरुस्त केली. नवा कागद, मॅडमची सही, शिक्का, सर्व घेऊन देविदासरावांच्या दारी गेलो.

त्यांनी तो हातातही घेतला नाही. "मास्तर, भितीवरचं साऱ्या गावानं वाचलं. हे कोन वाचते?"

त्या वेळी प्रार्थनेखेरीज माझ्यापाशी काही उरले नव्हते, आणि प्रार्थनेनेही भिंत पुसली जात नाही.

*

वर्षभराने मी क्षमा मागायला अनसूयाबाईंकडे गेलो. लता अजून बिनलग्नाची, घरीच होती. मी शब्द जुळवत असतानाच दारात देविदासराव उभे! नवे धोतर, हातात नारळ, सोबत कोणी नाही.

"ईनबाई," ते हसून म्हणाले, "लगनाची तारीक काढाले आलो. पोरगी तयार हाय ना?"

अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग पदर सावरला.

"लता, चहा ठेव. अन् यायच्या पोराले निरोप धाड, का बाप आमच्या घरी हाय. शोधत फिरून राहिला असन."