खिंडीतली वही

डार्मश्टाटमध्ये आमच्या घरासमोरच्या चौकात ट्रामचा थांबा होता. तिथे दर रविवारी सकाळी नऊ वाजता एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ येऊन उभे राहत. पायांत जाड तळव्यांचे बूट, पाठीवर विटकी हिरवी पिशवी, हातात घडी घातलेला नकाशा. ते बरोबर दहा मिनिटे थांबत. मग घसा साफ करून, समोर पंचवीस-तीस माणसे उभी असावीत अशा स्वरात त्या दिवसाचा मार्ग सांगत: अमुक गावापर्यंत रेल्वे, तिथून जंगलातून चौदा किलोमीटर, चढ बेताचा, जेवण ज्याचे त्याने आणलेले. निवेदन संपले की नकाशा खिशात ठेवून चालू लागत. समोर कोणीही नसे.

मी हे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहत असे. पत्नी गेल्यानंतर मुलाने मला वाईहून आपल्याकडे नेले होते. चाळीस वर्षे संस्कृत शिकवण्यात गेलेली. जर्मनीत शिकवायला कोणी नव्हते. मुलगा आणि सूनबाई सकाळीच कामावर जात. नात सई माझे सारे बोलणे समजून घेई आणि उत्तर मात्र जर्मनमध्ये देई. संध्या, जप आणि खिडकी एवढ्यात माझा दिवस सरत असे. खाली उभे असलेले ते गृहस्थ कोण, असे मी सईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "बेर्गओपा." बेर्ग म्हणजे डोंगर, ओपा म्हणजे आजोबा. परिसरातली सगळी मुले त्यांना याच नावाने ओळखत.

बेर्गओपा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहत. त्यांनी लग्न केले नव्हते. जमीनमोजणीच्या कचेरीतून ते निवृत्त झाले होते आणि गावातल्या एका जुन्या पदभ्रमण मंडळाचे ते वांडरवार्ट, म्हणजे वाटाड्यांचे प्रमुख, होते. एके काळी मंडळात साठ माणसे होती. काही वारली, काहींचे गुडघे गेले, उरलेल्यांना रविवारी उशिरापर्यंत झोपावेसे वाटू लागले. तरीही थांब्याजवळच्या काचेच्या पेटीत दर महिन्याला त्यांच्या हस्ताक्षरातले वेळापत्रक लागत असे. जे जाहीर केले ते झालेच पाहिजे, मग येणारे कोणी असो वा नसो. हा नियम मला ओळखीचा वाटला. रिकाम्या सभामंडपात पुराण सांगणारे वृद्ध मी लहानपणी पाहिले होते.

एका फेब्रुवारीत मी दूध आणून परतत होतो आणि त्यांचे निवेदन ऐकायला निवाऱ्याखाली थांबलो. त्यांनी मला पाहिले, बोलणे थांबवले आणि पहिल्यापासून सारे पुन्हा, या खेपेस इंग्रजीत, सांगितले. एवढे ऐकून घेतल्यावर पाठ फिरवून घरी जाणे मला अशिष्ट वाटले. मी दूध दारात ठेवले, मुलाचा लांब कोट चढवला, कानटोपी घातली आणि निघालो. पाच तासांनी परतलो तेव्हा माझे मोजे ओले झाले होते आणि मुलगा पोलिसांना फोन करायच्या बेतात होता. "बाबा, तुमचं क्रांकेनफरझिशेरुंग मिळवायला मला सहा महिने लागले," तो म्हणाला. "निदान ते वापरायची घाई करू नका." तो आरोग्यविम्याबद्दल बोलत होता. सूनबाई मात्र पायांशी गरम पाण्याचे घमेले ठेवून गेल्या.

त्यानंतर सुमारे तीन वर्षे त्या चौकात दर रविवारी एक श्रोता असे. निवेदन मात्र पूर्वीइतक्याच मोठ्याने होई. "डोंगराला ऋतू असतात, सुट्टी नसते," असे ते म्हणत, आणि ओडेनवाल्डच्या टेकड्यांतून आम्ही बर्फातही चाललो, धुक्यातही, आणि मे महिन्यात बीच वृक्षांच्या कोवळ्या पालवीखालूनही. ते बेताचेच इंग्रजी बोलत, मी बेताचेच जर्मन समजे. त्यामुळे बहुतेक वाट मौनात सरे. मला ते हेर लेहरर, म्हणजे गुरुजी, म्हणत. पहिल्या वर्षी मला एकच गोष्ट कळेना. आमच्याकडे माणूस डोंगर चढतो तो वर देव असतो म्हणून. मी त्यांना विचारले, शेवटी दर्शन कोणाचे?

त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि पिशवीतून थर्मास काढत म्हणाले, "कॉफीचे."

मी भारतातला हे कळल्यापासून ते मला लडाखविषयी विचारू लागले. मी लडाखला कधी गेलो नाही, हे ऐकून ते वाटेतच उभे राहिले. "घरात राहता आणि गच्चीवर कधी गेला नाहीत?" त्या प्रदेशाची वाट परदेशी माणसाला नुकतीच खुली झाली तेव्हा ते पहिल्यांदा तिथे गेले होते, आणि पुढे सुट्टी साठवून, जमेल तसे, प्रत्येक ऋतूत. वसंतात जर्दाळूच्या फुलांखालून गावोगाव हिंडायला, उन्हाळ्यात खिंडी ओलांडायला, शरदात सातूची मळणी पाहत दऱ्या उतरायला आणि भर हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालायला. पायांखालचा बर्फ तिथे दिवसभर बोलत असतो, असे ते सांगत. डोंगर आणि वाळवंट एकत्र कसे असू शकतात, हे मला उमगत नव्हते. ते म्हणाले, "एक मोठा दगड घ्या. उन्हाच्या बाजूला वाळू, सावलीच्या बाजूला बर्फ. पाऊस कुठेच नाही. हाच सगळा देश."

वहीची गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या हिवाळ्यात सांगितली. त्यांच्याकडच्या पर्वतांत एक रीत आहे. शिखरावर पत्र्याच्या डब्यात एक वही ठेवलेली असते आणि वर पोचलेला प्रत्येक जण तीत नाव आणि दिवस लिहितो. बेर्गओपा तरुणपणापासून एकटेच चढत आले होते. "वर मला माणसं क्वचित भेटली," ते म्हणाले. "पण नावं नेहमी भेटली. ज्याला वाचायला नावं आहेत तो एकटा नाही." लडाखच्या एका खिंडीत ते पहिल्यांदा पोचले तेव्हा तिथे वारा होता, ऊन होते आणि वाचायला काहीच नव्हते. ती शांतता त्यांना सोसवली नाही. पुढच्या खेपेस त्यांनी जर्मनीहून पत्र्याचा डबा, पेन्सिल आणि कोरी वही नेली. पहिल्या पानावर आपले नाव लिहिले, डबा खिंडीत दगडांच्या आधाराने ठेवला आणि ते खाली उतरले. आता त्यांना एकाच गोष्टीची आस होती. त्या नावाखाली दुसरे नाव यावे.

वर्षभराने ते पाहायला गेले. डब्याभोवती दगड रचलेले होते आणि वर पांढरे रेशमी वस्त्र बांधलेले होते. वही कोरीच. पुढच्या ऋतूत दगड वाढले होते आणि लोण्याच्या दिव्याची काजळी दिसत होती. शेळ्या घेऊन जाणारे मेंढपाळ तिथे थांबत, डब्याला उजवीकडे ठेवून फेरी घालत, एक दगड वाहत आणि पुढे जात. बेर्गओपांनी एका म्हाताऱ्या मेंढपाळाला खुणांनी विचारले, उघडत का नाही? म्हाताऱ्याला प्रश्नच विचित्र वाटला. एवढ्या लांबून कोणी काही आणून खिंडीला वाहिले, तर ते खिंडीचे झाले. ते उघडायचे कसे?

मी मनापासून हसलो. परक्या माणसाने हजेरीपट ठेवावा आणि लोकांनी त्याचे देवस्थान करावे, याहून गोड चूक मी ऐकली नव्हती. बेर्गओपाही हसले, पण लगेच थांबले. लोकांना सांगून लिहून घेता आले असते, असे मी सुचवले. "गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. "पण मग ती माझ्यासाठी केलेली सही. मला भेटलेला माणूस नव्हे."

मी गुरुजीच. समजावल्यावाचून मला राहवेना. मी म्हणालो, त्या लोकांनी लिहिलेच आहे. आमच्या देशात सगळेच अक्षराने सही करत नाहीत. वाहिलेला दगड म्हणजे येऊन गेल्याची खूण. तुमच्या नावाखाली शेकडो नावे आहेत.

ते बराच वेळ चालत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दगड मला वाचता येत नाही, हेर लेहरर."

तिसऱ्या वर्षी वैद्यांनी त्यांच्या हृदयाची तपासणी करून उंचीवर जायला मनाई केली. त्यानंतरच्या रविवारी एका ओंडक्यावर कॉफी पिताना त्यांनी सरळ विचारले, "या उन्हाळ्यात माझ्याबरोबर या. दुसरं नाव तुम्ही लिहा. त्या पहिल्या रविवारी तुम्हाला मी बोलावलं नव्हतं; तुम्ही स्वतः चालत आलात." मी गुडघ्यांचे कारण सांगितले. त्यांच्या प्रकृतीचे सांगितले. मुलाला चालणार नाही, हेही सांगितले. तिन्ही कारणे खरी होती. चौथे सांगितले नाही. मला भीती वाटत होती. ईश्वरावर भार टाकून जगतो असे म्हणणाऱ्या माणसाला मरणाची भीती वाटली, हे त्या जंगलात मला प्रथम कळले. त्यांनी मान हलवली, माझ्या पेल्यात उरलेली कॉफी ओतली आणि परतीच्या गाडीची वेळ सांगितली.

ते एकटेच गेले. लेहला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना आणि विमानाने खाली पाठवावे लागले. खिंड दुरूनही दिसली नाही. परतल्यावर त्यांच्या भाचीने त्यांना शेजारच्या गावातल्या फ्लेगेहाइममध्ये, वृद्धांच्या शुश्रूषागृहात, ठेवले. रविवारी नऊ वाजता मी सवयीने खाली उतरलो आणि दहा मिनिटे उभा राहिलो. काचेच्या पेटीत मागच्या महिन्याचे वेळापत्रक तसेच होते. ट्राम आली, दारे उघडली, मिटली. मार्ग सांगायला मला तो ठाऊक नव्हता. मी नेहमी त्यांच्या मागून चालत आलो होतो.

त्याच वर्षी मी भारतात परतायचे ठरवले. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते खिडकीशी बसले होते, आणि बाहेर मोटारी उभ्या करायची जागा होती. आम्ही तासभर बसलो. त्यांनी माझ्याकडे काहीही मागितले नाही. मागितले असते तर मला सोपे गेले असते. उठताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारले, वाईला डोंगर आहेत का? आहेत म्हणालो. "मग चालत जा," ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका सहल मंडळाबरोबर मी लेहला गेलो. मुलाला नंतर कळवले. चार दिवस हवा अंगवळणी पडू दिली. पाचव्या दिवशी मंडळी मठ पाहायला गेली तेव्हा मी बेर्गओपांच्या खिंडीकडे जायला जीप ठरवली. आता खिंडीच्या पायथ्यापर्यंत रस्ता झाला आहे. तिथून वर मला तट्टावर बसवून नेले. मी चढलो असे म्हणणार नाही. तट्टू एका मेंढपाळ बाईचे होते आणि तिला हिंदी येत होते.

वर पुरुषभर उंचीची दगडांची रास होती. डबा कुठे दिसेना. तळाशी आहे, असे ती म्हणाली. तिच्या सासऱ्यांनी तो दगडांखाली जाण्यापूर्वी पाहिला होता. आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हते. "हिवाळ्यात इथून एकटीला जावं लागतं," ती म्हणाली. "हे लांबून दिसलं की बरं वाटतं. कुणीतरी येऊन गेलंय, एवढं कळतं."

माझ्या खिशात पेन होते. डब्यापर्यंत पोचायचे तर ती रास उतरवावी लागली असती. ज्या हातांनी ते दगड वाहिले होते ते हात माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मी पेन काढले नाही. खाली पडलेला एक दगड उचलला, रास उजवीकडे ठेवून फेरी घातली, दगड ठेवला आणि तट्टावर बसलो.

उतरताना मला मोह झाला. नाव लिहिले, एवढे त्या आजारी माणसाला सांगितले तर कोण पडताळणार होते? महिनाभर मी पत्र लिहायला घेत होतो आणि फाडत होतो. अखेर त्यांच्या भाचीनेच एके दुपारी वाईला फोन लावून दिला. आम्ही बोललो ते तेव्हाच, पुन्हा नाही. हिवाळ्यात ते गेले. त्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज क्षीण झाला होता. मी लडाखला जाऊन आलो हे त्यांना माझ्या मुलाकडून कळले होते.

"लिहिलंत?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. "दगड ठेवला." आणि रास, ती बाई, तिचे शब्द, सारे सांगितले.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारले, "केवढा?"

तळहाताएवढा, मी म्हणालो. हिरवट, मधून एक पांढरी रेघ गेलेली. पूर्वेच्या बाजूला, छातीएवढ्या उंचीवर. कागदावर पेन्सिल सावकाश फिरत असल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मधेच त्यांनी थांबवून रेघ आडवी की तिरपी, असे विचारले. तिरपी, मी सांगितले.

"आल्झो," ते म्हणाले, म्हणजे 'तर मग'. "आता बाकीचे सांगा."

मी डोळे मिटले आणि जेवढे आठवत होते तेवढे दगड एकेक करून सांगत गेलो.