बाईंचं ‘कळलं’

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं, तर बाळापूरच्या माझ्या मराठीच्या बाईंचं. नाव लिहीत नाही. छापलेलं त्यांना आवडणार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथेच बसणार हे ठरल्यासारखं होतं. बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात बाई दुकानात येऊन स्टुलावर बसल्या, वडिलांशी बोलल्या, आणि मला घेऊन अमरावतीला प्रवेशाच्या रांगेत उभ्या राहिल्या. आज मी तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो.

बाईंना नाटकाचं वेड. अकोल्यात नाटक लागलं की त्या बाळापूरहून एसटीनं जायच्या. निवृत्तीनंतर त्यांचे कान हळूहळू गेले. आता दोन्ही कानांत मशीन आहे. मशीन लावलं की सगळं ऐकू येतं, असा लोकांचा समज असतो. माझाही होता. बाईंनी एकदा समजावून सांगितलं, की मशीन आवाज मोठा करतं, पण शब्द वेगळे करून देत नाही. पंखा, वेफर्सचं पाकीट, मागच्याचा खोकला आणि नटाचं वाक्य, सगळं एकाच मापात कानात येऊन पडतं. त्या खरं तर समोरच्याचे ओठ वाचतात.

दोनेक वर्षांपूर्वी मी त्यांच्यासोबत अकोल्यात एका नाटकाला गेलो. लोक हसले की बाई हसायच्या, जरा मागाहून. मध्यंतरात मी विचारलं, “कळून राहिलं ना?”

“कळलं,” त्या म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या की मला शंका आली. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, तो हिरव्या सदऱ्यातला माणूस कोण. बाई म्हणाल्या, घरचा गडी. तो नायिकेचा नवरा होता.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ते ओळखलं असावं. परत जाताना गाडीत त्यांनी नाटकाचं तिकीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, “आणखी एक पाहू. तेही असंच गेलं तर नाटक सोडलं म्या. लोकायकडे पाहून हसायचा कंटाळा आला.”

कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला संहिता आधी वाचायला दिली तर प्रयोग पुष्कळ समजतो, हे मी ग्रंथालयातल्याच एका मासिकात वाचलं होतं. अकोल्यातली एक हौशी मंडळी तेव्हा स्पर्धेसाठी नवीन नाटक बसवत होती. एका रविवारी मी त्यांच्या तालमीच्या हॉलवर गेलो. दिग्दर्शक खुर्ची उलटी करून बसला होता, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी सगळी हकीकत सांगितली. त्यानं ती ऐकून घेतली आणि विचारलं, “तुमी राहता कुठं?”

मी अमरावती म्हणालो आणि हॉलमधले सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या स्पर्धेत अमरावतीचाही एक संघ होता.

“अमरावतीच्या माणसाले आमची संहिता कायले पाह्यजे?” तो म्हणाला. “बहिऱ्या बाईचं नाव सांगून न्यायची, ही नवीन तऱ्हा दिसते तुमच्याकडची.”

मी ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं. त्यामुळे उलट अविश्वास वाढला, कारण आमच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक अमरावतीच्या संघात होते. शेवटी तो म्हणाला, पुढच्या रविवारी बाळापूरला येतो, बाईले पाहतो, मग ठरवू. मला वाटलं, वाटेला लावलं. पण तो आला.

बाईंनी चहा दिला. त्या माझ्या समोर बसल्या होत्या. दिग्दर्शक भिंतीवरचे फोटो बघण्याच्या निमित्तानं उठला, त्यांच्या पाठीमागे गेला आणि हळूच म्हणाला, “बाई, तुमचा पदर पेटला.”

बाई ताडकन वळल्या.

“पाहा,” तो मला म्हणाला, “चांगलं ऐकू येते की.”

 क्षणभर मलाही वाटलं, खरंच ऐकलं की काय यांनी. बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा दचकला, म्हणून पाहिलं. काय झालं?”

त्यानं काहीतरी उत्तर दिलं. बाईंनी मान हलवली. “तोंडातलं आधी थुंकून या. खर्रा भरून बोलून राहिले तुमी, ओठ हालत नाई. मले काय समजन?”

तो अंगणात गेला, चूळ भरून आला, आणि समोर बसला. मगाशी काय म्हणालात ते पुन्हा सांगा, असं बाई म्हणाल्या. तो आधी काही नाही जी, काही नाही जी करत राहिला, पण बाईंनी सोडलं नाही. शेवटी सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, खरंच पेटला असता तरी हा दचकला असता तेव्हाच समजलं असतं.

यानंतर त्यानं होकार दिला, पण अटीवर. संहिता हॉलबाहेर जाणार नाही. बाईंनी तिथे येऊन वाचायची, आणि मी तेवढा वेळ बाहेर थांबायचं. मी बाहेर चहाच्या टपरीवर थांबलो. बाई वाचून आल्या तेव्हा खुशीत होत्या. सासरा, सून आणि एका हरवलेल्या किल्लीचं नाटक आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. जास्त सांगायचं नाही असा शब्द दिला होता. शिवाय सासऱ्याची खोटी मिशी ओठांवर येते, ती कापा, असंही त्या तिथे सांगून आल्या होत्या.

प्रयोगाच्या दिवशी दारातच घोळ झाला. एका स्वयंसेवकानं बाईंना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. “आजी, तुमाले ऐकू कमी येते ना, मग इथंच बसा,” तो म्हणाला. डोक्यावर भलामोठा स्पीकर. नांदी सुरू झाली तशी मशीन शिट्ट्या मारू लागलं. मागून कोणीतरी म्हणालं, मोबाईल बंद करा ना जी. बाईंनी दोन्ही कान दाबून धरले. मी त्यांना उठवून मधल्या रांगेत नेलं, जिथून चेहरे सरळ दिसतात आणि स्पीकर लांब पडतो. जागा बदलल्याबद्दल स्वयंसेवक माझ्यावर नाराज झाला. त्याच्या मते मीच त्यांना मागे ढकललं होतं.

मग मात्र गंमत झाली. सासरा गादीखाली किल्ली शोधतो त्या प्रवेशात बाई सगळ्यांच्या आधी हसल्या. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी वळून पाहिलं. वाक्य माहीत होतं, ओठ दिसत होते, आणि कापलेली मिशी जागेवर होती. मी नाटक कमी आणि बाईंनाच जास्त पाहत होतो.

शेवटचा प्रवेश सुरू झाला आणि त्या मागे टेकल्या. हात मांडीवर. दारात सून आणि सासरा पाठमोरे उभे राहून बोलत होते. टाळ्या पडल्या, बाईंनीही वाजवल्या. मी विचारलं, शेवट?

“कळलं,” त्या म्हणाल्या.

पुन्हा तेच, पुन्हा तितक्याच चटकन. शेवट आधी वाचला असता तर नट पाठमोरे असूनही त्या अशा मागे टेकल्या नसत्या, असं मला वाटलं. बाईंना खुर्चीवर बसवून मी रंगपटात गेलो आणि दिग्दर्शकाला गाठलं. बाईंना दिलेल्या प्रतीत शेवट होता का, असं सरळ विचारलं. तो सासऱ्याचं काम करणाऱ्या नटाच्या ओठावरचा मिशीचा गोंद पुसत होता.

“नव्हता,” तो म्हणाला. “काढून घेतला होता. तुमच्यावर भरवसा नाही बसला, खरं सांगतो. चूक झाली. बाईले हे देजा.” आणि त्यानं पानं माझ्या हातात दिली.

बाहेर बाईंना एसटी गाठायची घाई होती. त्यांच्याशी गर्दीत, अंधारात काही बोलता येत नाही. फोनवर तर नाहीच. अमरावतीला आल्यावर मी हे पत्र लिहून पाठवलं:

ती. बाईंना सादर नमस्कार,

सोबत शेवटच्या प्रवेशाची पानं आहेत. तुम्हाला वाचायला दिलेल्या प्रतीतून ती काढून घेतली होती. शेवट समजला नसेल तर त्यात तुमच्या कानांचा दोष नाही.

तुम्ही ‘कळलं’ म्हणालात, त्यावर माझा विश्वास बसला नाही. हे तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून लिहितो. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही तसं म्हणता, असा माझा संशय आहे. बाई, माझ्यासाठी तसं म्हणू नका. नाही कळलं म्हणालात तर आपल्याला पुढचं काही करता येईल.

शेवटी सून म्हणते, किल्ली माझ्याकडे कधी नव्हतीच. ती खरं बोलते की खोटं, हे मला चांगलं ऐकू येऊनही समजलं नाही. पानं वाचली, तरी नाही. तुम्ही वाचून तुमचं मत लिहा.

याच नाटकाचा प्रयोग अमरावतीत होणार आहे. ते दोघं शेवटी प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतील, असं दिग्दर्शकांनी कबूल केलं आहे. खरं करतात की नाही, ते मी आदल्या दिवशी तालमीला जाऊन बघेन. मधल्या रांगेतली जागा सांगून ठेवली आहे. नाटक सोडायचंच असेल तर हे पूर्ण पाहून सोडा. यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा, मी आग्रह करणार नाही.

तुमचा विद्यार्थी